वाटून टाकलेला डबा



आपल्या वर्गातला एक जण दहावीत रोज आपला डबा वाटून टाकायचा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आम्ही खूश! नाव सांगत नाही. एवढं बोलायला त्याने परवानगी दिली आहे. त्याला ‘बायल्या’ म्हणायचे, मीही हसले आहे.

पुढे पुण्यात जिम, आरसा आणि जेवल्यावर ओकणं. डॉक्टर पित्ताच्या गोळ्या देत राहिले. हा आजार मुलींचाच, असा समज. खरं तर समलिंगी पुरुषांत तो इतर पुरुषांपेक्षा जास्त आढळतो.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध ३७७ कलमातून वगळले. त्या रात्री त्याचा फोन आला. तेव्हा मला कळलं, डबा का वाटायचा ते.

आज दुपारच्या पंगतीत कुणालाच ‘सुटलास की’, ‘वाळलास की’ म्हणू नका. आग्रहही नको.