कांचेच्या पेटींतला समुद्र

लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं एक मत्स्यगृह उघडण्यांत आलें. कांचेच्या भिंतीआड वावरणारे जिवंत समुद्री प्राणी डोळे भरून पाहण्याची संधि सामान्य माणसांना तेथें लाभली. या उपक्रमामागें फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाची मोठी खटपट होती. पुढच्याच वर्षीं त्यानें या विषयावर ग्रंथ लिहिला आणि समुद्राचा एक तुकडा आपल्या दिवाणखान्यांत असावा, ही हौस इंग्लंडभर पसरली. मुंबईंत १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि या शहराच्या कित्येक पिढ्यांनीं प्रवाळखडकांतले रंगीत मासे प्रथम पाहिले ते तेथें. तेथून परततांना “असा एक मासा आपल्या घरीं आणूं या,” असा हट्ट मुलांनीं धरला नाहीं, असें घर विरळाच.

हा हट्ट आतां पुरवितां येण्याजोगा झाला आहे. परंतु तो पुरवितांना विवेकाची फार गरज आहे. कारण पेटी विकत घेणाऱ्याच्या हातून चूक झाली, तर तिचें मोल पेटींतला जीव देतो.

तळ्यांतला किंवा ओढ्यांतला मासा ऋतुमानाप्रमाणें बदलणाऱ्या पाण्याला सरावलेला असतो. प्रवाळखडकांभोंवतीं राहणाऱ्या माशाला असल्या बदलांची संवयच नसते. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या शरीरांतला द्रव याहून पुष्कळच कमी खारट असल्यामुळें त्याच्या अंगांतलें पाणी सारखें बाहेर झिरपत असतें. अर्थात् सभोंवार समुद्र पसरलेला असूनहि त्याला एकसारखें पाणी प्यावें लागतें, आणि अधिक झालेले क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकावे लागतात. खारटपणा एकाएकीं वाढला किंवा घटला कीं हा तोल ढळतो. उन्हाळ्यांत पेटींतलें पाणी आटतें, पण मीठ आटत नाहीं, हें म्हणूनच ध्यानांत ठेवावें. आटलेल्या पाण्याची भर शुद्ध गोड्या पाण्यानेंच करावयाची असते. खारें पाणी ओतीत गेल्यास थोड्याच दिवसांत पेटींतला समुद्र खऱ्या समुद्राहून खारट होतो.

मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला नव्वद सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद आणि चाळीस उंच एवढी पेटी पुरेशी होते. खडक आणि वाळू वजा जातां तींत सुमारें सव्वाशें लिटर पाणी राहतें. याहून लहान पेटी स्वस्त पडते खरी. परंतु पाणी जितकें थोडें, तितकें तें लवकर बिघडतें, हा नियम नवशिक्याला फार महाग पडतो. चौपाटीवरून भरून आणलेलें पाणी शहराच्या सांडपाण्यानें दूषित असल्यामुळें उपयोगाचें नाहीं. त्याऐवजीं शुद्ध पाण्यांत तयार सागरी क्षार विरघळवावे, उष्णतामान २४ ते २७ अंशांच्या दरम्यान ठेवावें, आणि पाणी खेळतें राहील अशी पंपाची योजना करावी.

एवढें झालें तरी मासे आणण्याची वेळ आलेली नसते. माशांच्या उत्सर्गांतून अमोनिया निर्माण होतो आणि तो त्यांना विषासारखा बाधतो. खडकांवर व वाळूंत वाढणारे सूक्ष्म जंतू या अमोनियाचें प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवितात. पैकीं नायट्रेट बरेंच निरुपद्रवी असून आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलल्यानें तें आटोक्यांत राहतें. या जंतूंचें कार्य विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास उलगडून दाखविलें. त्यांची वस्ती नव्या पेटींत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ जंतूंना पोसण्यापुरता अमोनिया पेटींत घालावा आणि पेटी माशांवांचूनच चालवावी. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही शून्यावर आलीं आहेत, हें तपासणीच्या द्रावणानें ठरल्यावरच माशांचा विचार करावा.

मासा निवडतांना तीन प्रश्न विचारावे. तो पुरता वाढल्यावर केवढा होतो? तो काय खातो? आणि शेजाऱ्याशीं कसा वागतो? पैकीं तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. समुद्रांत दोन मासे भांडले, तर हरलेला पळून दुसऱ्या खडकाचा आश्रय घेतो. पेटींत त्याची वाट कांचेपाशीं संपते. जिंकलेला त्याला पुनः पुनः गांठतो, त्याला खाऊं देत नाहीं, आणि आठवड्याभरांत तो कोपऱ्यांत मरून पडलेला आढळतो. म्हणून वर सांगितलेल्या पेटींत चार, फार तर पांच लहान आणि शांत मासे असावे, अधिक नसावे.

या यादींत पहिला मान विदूषक माशाचा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा २००३ सालच्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटामुळें घरोघरच्या मुलांच्या परिचयाचा झाला. त्याची लांबी आठ सेंटिमीटरांच्या आसपास असते. या जातीचे मासे प्रथम नर असतात; समूहांतला सर्वांत मोठा मासा मादी होतो, आणि ती मेल्यास तिचा जोडीदार नर स्वतःच मादी बनतो. दोन लहान मासे एकत्र आणल्यास त्यांची जोडी आपोआप जुळते. समुद्रांत हा मासा समुद्रपुष्पाच्या विषारी तंतूंत राहतो, म्हणून तें पुष्पहि आणण्याचा मोह होतो, तो आवरावा. नव्या लहान पेटींत समुद्रपुष्प बहुधा जगत नाहीं, आणि मेल्यावर सारें पाणी नासवितें. विदूषक माशाला त्यावांचून कांहीं उणें पडत नाहीं. नीट निगा राखल्यास तो दहा वर्षांहूनहि अधिक जगतो.

दुसरा बांगाई कार्डिनल. रुपेरी अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके असलेला हा संथ मासा इंडोनेशियांतल्या बांगाई बेटांभोंवतींचा. त्यांतला नर मादीनें घातलेलीं अंडीं तोंडांत धरतो आणि पिलें स्वतंत्र होईपर्यंतचे तीन-चार आठवडे अन्नास शिवत नाहीं. मत्स्यालयांच्या हौसेपायीं त्याची इतकी धरपकड झाली कीं २००७ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें त्याला धोक्यांत आलेल्या जातींत घातलें. यास्तव पैदास केंद्रांत जन्मलेलाच कार्डिनल घ्यावा, आणि तो एकटा किंवा जुळलेल्या जोडीनेंच ठेवावा. दोन नर एकमेकांना सुखानें राहूं देत नाहींत.

तिसरा निऑन गोबी. जेमतेम पांच सेंटिमीटरांचा हा निळ्या रेघेचा मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परोपजीवी कीटक टिपून खातो. त्याची पैदास १९७० नंतरच्या दशकापासून होत आली आहे. चौथा फायरफिश. पुढें पांढरा आणि मागें ज्वालेसारखा लाल असलेला हा मासा अतिशय भित्रा आहे. दचकला कीं तो बिळांत शिरतो, नाहींतर पाण्याबाहेर उडी घेतो. सकाळीं जमिनीवर वाळून पडलेला मासा पाहावयाचा नसेल, तर पेटीवर जाळीचें झांकण असलेंच पाहिजे.

आतां कोणते मासे नाकारावे तें पाहूं जातां, पहिला येतो निळा डॅमसेल. तो स्वस्त आणि चिवट असल्यामुळें नवशिक्याच्या गळ्यांत सहज पडतो; पण वाढल्यावर सारी पेटी आपलीच मानून दुबळ्या शेजाऱ्यांना छळतो. निळा टँग दुकानांत बोटाएवढा दिसतो, पण पुढें सुमारें तीस सेंटिमीटरांचा होतो आणि त्याला पोहावयास लांबचें अंतर लागतें. मँडरिन मासा रंगानें मोहक व स्वभावानें गरीब. परंतु खडकांवरचे सूक्ष्म जिवंत कवचधारी जीव टिपणें हाच त्याचा आहार असल्यामुळें नव्या पेटींत तो हळूहळू उपाशी मरतो. समुद्रघोडा तर भारतांत २००१ सालापासून वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहे. तो बाळगणें हा गुन्हा होय.

मासे आणण्याचा क्रमहि तितकाच महत्त्वाचा. सर्वांत भित्रा मासा आधीं आणि विदूषकांची जोडी सर्वांत शेवटीं सोडावी, म्हणजे दुबळ्याला आपली जागा निवडण्यास अवसर मिळतो. प्रत्येक मासा प्रथम चार आठवडे वेगळ्या लहान पेटींत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा एक वाहक मुख्य पेटींत शिरला, तर सर्वांनाच लागण होते. दुकानांत मासा पसंत करतांना तो समोर खातो कीं नाहीं हें पाहण्याचा आग्रह धरावा. न खाणारा मासा कितीहि सुंदर असला तरी घेऊं नये.

शेवटचा प्रश्न, मासा आला कोठून? फिलिपाइन्समध्यें १९६० नंतरच्या काळांत खडकांत सायनाइड फवारून माशांना गुंगी आणण्याची पद्धत सुरू झाली. असा मासा दुकानांत धडधाकट दिसतो आणि घरीं आल्यावर कांहीं आठवड्यांत मरतो. मागें त्या विषानें प्रवाळहि मेलेलें असतें. त्याला उत्तर आहे तें पैदास केलेल्या माशांचें. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें विदूषक आणि डॅमसेल यांच्या अनेक जातींची पैदास करून दाखविली आहे. असा मासा किंचित् महाग पडला तरी तो पेटींतच वाढलेला असतो, तयार अन्न खातो आणि समुद्रांतून कांहीं हिरावून आणीत नाहीं.

गॉसची हौस इंग्लंडच्या किनाऱ्याला फार महाग पडली. त्याचे ग्रंथ हातीं घेऊन निघालेल्या हौशी लोकांनीं खडकांतलीं डबकीं ओरबाडून रिकामीं केलीं. त्याचें त्या थोर निरीक्षकाला अतिशय दुःख झालें, असें त्याच्या मुलानें, एडमंड गॉसनें, १९०७ सालच्या आपल्या आठवणींत नमूद केलें आहे.

मुलांच्या हट्टाखातर पेटी आणणाऱ्या घरानें म्हणूनच पहिले सहा आठवडे त्या रिकाम्या पेटीसमोर मुलांना बसवावें. रोज पाण्याची तपासणी त्यांच्या हातून करवावी आणि आंकडे वहींत मांडून घ्यावे. अमोनियाचा आंकडा चढून पुनः शून्यावर उतरलेला ज्या मुलानें स्वतः टिपला, तें मूल पुढें दुकानांत गेल्यावर सर्वांत चकचकीत मासा मागणार नाहीं. तो केवढा होईल आणि काय खातो, हें तें दुकानदाराला आधीं विचारील.