दुखावलेल्या बालमनाचे प्रतिपालकत्व
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत महिला शाखेच्या वतीने झालेले भाषण)



या व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत अनेक विद्वानांची व्याख्याने झाली. मी विदुषी नाही. आमच्या घरी दोन वर्षे एक मुलगा राहिला; त्याच्यापासून जे शिकले ते आपल्यापुढे ठेवावे, अशी महिला शाखेतील भगिनींची आज्ञा झाली, म्हणून उभी आहे. त्या मुलाचे नाव-गाव मी सांगणार नाही. अशा मुलांची ओळख गुप्त ठेवावी असा कायदा आहे, आणि तो नसता तरी मी ती सांगितली नसती.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करते. दत्तक घेणे आणि प्रतिपालकत्व पत्करणे या भिन्न गोष्टी आहेत. दत्तक मूल कायमचे आपले होते. प्रतिपालकाकडे मूल येते ते काही काळापुरते; त्याच्या आप्तांची घडी बसली की ते परत जावे, हीच अपेक्षा असते. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ४४ व्या कलमात ही तरतूद आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे केली आणि २०२४ मध्ये ती सुधारली. पूर्वी हे काम दांपत्याकडेच सोपवले जाई. आता ३५ ते ६० वर्षे वयाची एकटी व्यक्तीही ते करू शकते, मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष घराची चौकशी करतो, आदेश बालकल्याण समिती देते. ‘मिशन वात्सल्य’ योजनेत मुलामागे दरमहा ४००० रुपये साहाय्याची तरतूद आहे.

हा झाला कागदाचा भाग. घराचा भाग निराळा असतो.

तो आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. पहिला महिना त्याने मला कोणत्याही नावाने हाक मारली नाही. रात्री दचकून उठे. विचारले की खोटे बोले, न विचारताही बोले. एके दिवशी गादीखाली मुंग्यांची रांग दिसली. गादी उचलली, तर खाली वाळलेल्या पोळ्या, गुळाचे खडे, अर्धे केळे. मी संतापले. दोन्ही वेळा पोटभर वाढत असताना ही चोरी कशासाठी? समुपदेशक बाईंनी मला शांतपणे समजावले, “ही चोरी नव्हे, उद्याची तजवीज आहे. उद्या जेवण मिळेल असे ज्याला कधी ठाऊकच नव्हते, त्याने दुसरे काय करावे?” त्यांच्या सांगण्यावरून एक पितळी डबा त्याच्या कपाटात ठेवला. त्यात लाडू, चिवडा, शेंगदाणे. आणि डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, ही जबाबदारी आमची. उघडावयास कुणाची परवानगी नको. गादीखालचा साठा हळूहळू बंद झाला.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोवैद्याने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात म्हटले होते की, आईची किंवा तिची जागा घेणाऱ्या व्यक्तीची ऊबदार आणि अखंड सोबत बालमनाच्या आरोग्याला आवश्यक असते. ज्याला ती मिळाली नाही, ते मूल नव्या घरातील माया सहजी स्वीकारत नाही. ते मायेची परीक्षा घेते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९८३ पासून पॅट्रिशिया चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांसाठी प्रशिक्षित कुटुंबांची पद्धत उभारली. दिवस कसा गेला याची पालकांकडे दूरध्वनीवरून विचारपूस, चांगल्या वर्तनाची तत्काळ दखल, आणि अडचण येताच तज्ज्ञांचा सल्ला, अशी तिची घडण आहे. आपल्याकडे कायद्यात अशा उपचारक पालकांची वेगळी श्रेणी नाही. म्हणून जो पालक होतो, त्याला ही विद्या स्वतःच शिकावी लागते. ती शिकताना माझ्या हातून घडलेली चूक आज सांगावयाची आहे.

दिवाळीच्या आधी त्याने माझ्या सासूबाईंच्या आठवणीचे काचेचे फुलपात्र भिंतीवर आपटले. मी म्हणाले, “असेच वागणार असशील, तर परत पाठवीन.” तो रडला नाही, की भांडला नाही. थोड्या वेळाने पाहिले, तर कपड्यांची पिशवी भरून, पायात बूट घालून दाराशी बसला होता. मला पाहून त्याने एवढेच विचारले, “गाडी कब आयेगी?”

बंधुभगिनींनो, त्या मुलाच्या आयुष्यात अशा गाड्या पूर्वी तीनदा येऊन गेल्या होत्या. चौथीची तो वाटच पाहत होता, आणि ती मीच बोलावली. आमच्या यजमानांनी त्याच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली. मीही बसले. “मी चुकले. गाडी येणार नाही,” असे म्हणाले. बूट काढावयास त्याला रात्रीचे दहा वाजले. तो विश्वास पुन्हा जुळून यावयास मात्र पुढचे पाच महिने लागले.

या साऱ्यातून मला कळले ते इतकेच. अशा मुलाला मायेची वाण असते हे खरे. पण त्याहून अधिक त्याला न बदलणारे माणूस हवे असते. काल होते तसेच आज, आणि फुलपात्र फुटल्यावरही तसेच. शिस्त लावावी, नियम असावेत, फुटलेल्या काचा त्याच्याकडून भरून घ्याव्यात. परंतु घर ही शिक्षेची वस्तू होता कामा नये. आणि त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा धरू नये. ती धरली की आपण पालक न राहता सावकार होतो.

दोन वर्षांनी त्याच्या मावशीचा संसार सावरला आणि समितीच्या आदेशाने तो तिच्याकडे गेला. कीर्तनातील यशोदेचे दुःख मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते काय असते, हे त्या दिवशी समजले. मंडळातील मुलांचे ऐकून तो मला काकू म्हणू लागला होता. निघताना वाकून नमस्कार केला आणि रिक्षात बसला. सामानातून डबा तेवढा राहून गेला. कपाटात पाहिले, तर तो महिनाभर उघडलेला दिसत नव्हता. मी खूप रडले. पण तो डबा विसरला, याचे समाधानही तेव्हापासून मनात आहे.

आपणही एकेकाळी नोकरीनिमित्त या परक्या गावात आलो, तेव्हा मंडळाने आपल्याला घर दिले. प्रत्येकाने प्रतिपालक व्हावे असे मी म्हणत नाही; ज्याला शक्य नाही त्याने भावनेच्या भरात होऊही नये. परंतु अशा घराला आठवड्यातून एक संध्याकाळ विसावा देता येईल. गणेशोत्सवातल्या नाटुकल्यात त्या मुलाला एक भूमिका देता येईल. आणि “तुझे खरे आईवडील कुठे आहेत रे?” हा प्रश्न न विचारणे तर प्रत्येकालाच जमेल. आमच्या मुलाला तो याच सभागृहात चार वेळा विचारला गेला होता.