नळीदिवा : बंद करावा की चालू ठेवावा?



ट्यूबलाइट सुरू होताना इतकी वीज खेचते की, थोड्या वेळासाठी ती बंद करण्यापेक्षा चालू ठेवणेच स्वस्त पडते, असा समज घरांत, वर्गांत आणि कार्यालयांत दीर्घकाळ रूढ आहे. या समजात दोन भिन्न हिशेबांची गल्लत झालेली आहे.

पहिला हिशेब विजेचा. जुन्या पद्धतीची ४० वॅटची नळी आणि तिच्या चोकमध्ये खर्ची पडणारे सुमारे १२ वॅट मिळून ५२ वॅट होतात. दिवा लागताना विद्युतप्रवाह क्षणभर वाढतो, हे खरे. परंतु ऊर्जा म्हणजे शक्ती गुणिले काळ. सुरुवातीस पूर्ण एक सेकंद पाचपट शक्ती लागते असे सढळपणे गृहीत धरले, तरी हा खर्च २६० ज्यूल, म्हणजे नेहमीच्या पाच सेकंदांच्या वापराइतकाच भरतो. याउलट, दिवा दहा मिनिटे बंद ठेवल्यास ३१,२०० ज्यूल वाचतात.

दुसरा हिशेब झिजेचा. नळीच्या दोन्ही टोकांच्या तंतूंवर इलेक्ट्रॉन उत्सर्जित करणारा लेप असतो. प्रत्येक वेळी दिवा लावताना तो थोडा झिजतो. म्हणूनच या दिव्यांचे आयुर्मान मोजताना तीन तासांचे चक्र प्रमाण मानले जाते. समजा, आयुर्मान ५,००० तास, नळीची किंमत व बदलण्याची मजुरी मिळून १०० रुपये आणि वीजदर प्रति युनिट ७ रुपये आहे. तीन तासांच्या चक्राने दिवा सुमारे १,६६७ वेळा लागेल. संपूर्ण खर्च त्यावरच आकारला, तर एकदा दिवा लावण्याची किंमत सहा पैसे येते. तासभर दिवा चालविण्यास सुमारे ३६ पैसे लागतात. सबब, खोली दहा मिनिटांहून अधिक काळ रिकामी राहणार असेल, तर दिवा बंद करणेच किफायतशीर ठरते.

ही मर्यादा अचल नाही. मजुरी महागली की ती वाढते. वीज महागली की घटते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने सीएफएलसाठी १५ मिनिटांचा निकष सुचविला होता, त्यामागेही दिव्याचे आयुर्मान व विजेची किंमत यांचीच तुलना आहे.

तथापि, हा झाला ग्राहकाचा खाजगी हिशेब. कोळशाचा धूर, वहनातील गळती आणि सायंकाळच्या सर्वोच्च मागणीसाठी उभारावी लागणारी क्षमता यांचा पूर्ण भार वीजबिलात उमटत नाही. दुसऱ्या पारड्यात, फेकून दिलेल्या नळीतील पाऱ्याचा खर्चही समाजच सोसतो. सामाजिक व्यय मोजताना दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. परीक्षेत ‘बाह्य परिणाम’ या संकल्पनेसाठी हे उदाहरण उपयोगी पडेल.

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. २०१५ मध्ये ‘उजाला’ योजनेद्वारे एलईडी दिव्यांच्या प्रसारास गती मिळाली. एलईडीमध्ये पारा नसतो आणि नेहमीच्या चालू-बंद करण्याने त्यांची झीज नगण्य होते. त्यामुळे दहा मिनिटांचा निकष तेथे लागू पडत नाही. खोलीबाहेर पडताना दिवा बंदच करावा. जेथे जुन्या नळ्या अद्याप आहेत, तेथे मात्र मधली सुट्टी झाली की वर्गातील दिवे निःशंकपणे मालवावेत. दिवा पुन्हा लावताना वीज अधिक जाईल, ही भीती हिशेबात टिकत नाही.