वायोमिंग : डोंगरातल्या बायकांचं मत

मागच्या आठवड्यात एका बचत गटाच्या बैठकीत प्रश्न निघाला, की जगात बायकांना मताचा हक्क आधी कुठे मिळाला? काहीजणी म्हणाल्या लंडन, काहीजणी न्यूयॉर्क. म्हणून आज तुम्हाला अमेरिकेतल्या एका डोंगराळ राज्याची गोष्ट सांगते. त्याचं नाव वायोमिंग.

नकाशावर हे राज्य पाटासारखं चौकोनी दिसतं. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या रांगा, पूर्वेला गवताची माळरानं. पाऊस कमी, वारा फार, हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. उंची किती? आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. या राज्याची सरासरी उंचीच २००० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तिथली पुष्कळशी गावं कळसूबाईपेक्षा उंचावर वसलेली. आकार महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान, पण माणसं सहा लाखांहूनही कमी. जमिनीतून गरम पाण्याचे फवारे उडतात ते यलोस्टोन याच राज्यात. १८७२ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, जगातलं पहिलं.

ही भूमी मूळची शोशोनी, अरापाहो, क्रो, लकोटा या आदिवासींची. रॉकी पर्वतात साऊथ पास नावाची एक सोपी खिंड आहे. तिथून गोऱ्या लोकांच्या गाड्यांचे तांडे पश्चिमेकडे जाऊ लागले. मग सोनं सापडलं, १८६७ नंतर रेल्वे आली, आणि आदिवासींना हटवत हटवत राखीव क्षेत्रात कोंडलं गेलं.

१८६९ साली वायोमिंग अजून राज्य झालं नव्हतं, नुसता प्रदेश होता. तिथल्या विधिमंडळात सगळे पुरुष. त्यांनी १० डिसेंबर १८६९ रोजी एकवीस वर्षांवरच्या बायकांना मताचा आणि पद भूषवण्याचा हक्क दिला. त्याच अधिवेशनात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायला मुभा मिळाली आणि शिक्षिकांना शिक्षकांइतकाच पगार ठरला.

हे का झालं? काहींना मनापासून न्याय वाटत होता. पण तिथे पाचसहा पुरुषांमागे जेमतेम एक बाई होती. कायद्याची बातमी होईल, बायका राहायला येतील, वस्ती वाढेल, असाही हिशेब होता. विरोधी पक्षाच्या गव्हर्नरला अडचणीत आणायचं, असंही काहींच्या मनात होतं. गव्हर्नर कॅम्पबेल यांनी मात्र सही करून टाकली.

पण बायकांनी वाट पाहिली नाही. १८७० च्या फेब्रुवारीत साऊथ पास सिटी या खाणकामगारांच्या गावात एस्थर मॉरिस न्यायाधीश झाल्या. त्यांनी वीसहून जास्त खटले निकाली काढले. ६ सप्टेंबर १८७० रोजी लॅरॅमी गावात सत्तरीला टेकलेल्या लुइझा स्वेन यांनी पहाटेच मत दिलं. यीस्ट आणायला हातात भांडं घेऊन निघाल्या होत्या, असं सांगतात.

आणि मिळालेला हक्क लगेच काढून घ्यायचाही प्रयत्न झाला बरं का! १८७१ मध्ये विधिमंडळाने कायदा रद्द केला. गव्हर्नरने नकाराधिकार वापरला. तो मोडायला वरच्या सभागृहात एक मत कमी पडलं. फक्त एक! १८९० साली वायोमिंग राज्य झालं, तेव्हा संसदेत या हक्कावरून विरोध झाला, तरी तिथल्या लोकांनी तो घटनेतून काढला नाही.

सगळ्यांत आवडणारी गोष्ट जॅक्सन गावाची. १९२० मध्ये तिथे नगराध्यक्ष आणि चारही सदस्य बायकाच निवडून आल्या. त्यातल्या रोझ क्रॅबट्री यांनी तर स्वतःच्या नवऱ्यालाच हरवलं! या बायकांनी पहिल्यांदा काय केलं असेल? थकबाकी वसूल केली. मग रस्ते सुधारले, स्मशानाला कुंपण घातलं. गटाचं रजिस्टर सांभाळणाऱ्या मैत्रिणींना हे सांगायलाच नको. १९२५ मध्ये नेली रॉस गव्हर्नर झाल्या, अमेरिकेतल्या पहिल्या महिला गव्हर्नर.

आता दुसरी बाजू. त्याच भूमीतल्या आदिवासी बायकांना या हक्कात सरसकट जागा नव्हती. सगळ्या आदिवासींना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते १९२४ साली. आणि एवढा जुना हक्क असूनही आज तिथे बाईची आणि पुरुषाची कमाई यांतली तफावत मोठीच आहे. म्हणजे कागदावरचा हक्क आपोआप चुलीपर्यंत पोचत नाही.

आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या कुणी कोणत्या हिशेबाने दिल्या, याचा काथ्याकूट करत बसू नका. वायोमिंगच्या बायकांना हक्क देणाऱ्यांचे हेतू काहीही असोत, खुर्चीवर त्या स्वतः बसल्या. तुमच्या गावात ग्रामसभेला सरपंचबाईंच्या खुर्चीवर कोण बसतं? सही कोणाची आणि शब्द कोणाचा? पुढच्या बैठकीत एवढं एकमेकींना विचारा.