शेतांतून जाणारी आगबोट

स्वीडन देशांत उन्हाळ्याच्या दिवसांत शेताच्या कडेनें चालणाऱ्या मनुष्यास कधीं कधीं एक चमत्कारिक देखावा दिसतो. चरणाऱ्या गाईंपलीकडून एक पांढरी, तीन मजली आगबोट संथपणें सरकत असते, आणि पाणी तर कोठेंच दिसत नाहीं! श्रोत्यांनीं हा दृष्टिभ्रम समजूं नये. ती ‘यूनो’ नांवाची नौका होय, व तिच्याखालीं योटा कालवा आहे.

मोताला येथील कारखान्यांत १८७४ सालीं ही नौका बांधण्यांत आली. १९५६ सालीं तिचें वाफेचें यंत्र काढून डिझेलचें बसविलें; परंतु तिची जुनी राहणी पालटली नाहीं. खोली इतकी लहान कीं एकानें कपडे करावे व दुसऱ्यानें तोंवर बाहेर उभें राहावें. एकावर एक दोन बिछाने आणि हातपाय धुण्याचें भांडें, एवढेंच तेथील वैभव. स्नानगृह सर्वांस मिळून. सुखसोयींचा हिशेब करणाऱ्यानें या वाटेस न जावें हेंच बरें! पण पन्नासएक माणसें रोज एकाच भोजनगृहांत बसतात, तेव्हां दुसऱ्या दिवशीं परका असा कोणी उरत नाहीं.

स्टॉकहोमहून गोथेनबर्गला आगगाडी कांहीं तासांत पोंचते. या नौकेस चार दिवस लागतात. कारण वाटेंत चढ आहे. कालव्याची लांबी १९० किलोमीटर, आणि त्यावर ५८ ‘लॉक’, म्हणजे दोन्ही टोकांस दारें असलेले पाण्याचे हौद आहेत. नौका आंत घेऊन मागचें दार लावावयाचें व वरचें पाणी सोडावयाचें, कीं ती आपोआप उचलली जाते. अशा रीतीनें ती समुद्रसपाटीपासून सुमारें ९२ मीटर उंच चढते! बर्ग येथें असे सात हौद जिन्याच्या पायऱ्यांसारखे लागून आहेत. नौकेच्या दोन्ही बाजूंस फार तर वीतभर जागा उरते. ती वर चढेपर्यंत प्रवासी उतरून काठानें पायीं पुढें जातात. याच वाटेनें पूर्वीं बैल व घोडे नावा ओढीत.

नौकेवरील मार्गदर्शक आधीं माहिती सांगतो, मग ती जागा प्रत्यक्ष पाहावयाची, असा क्रम असतो. वाडस्टेना येथें संत बिर्गिट्टा हिच्या मठाचें मंदिर आहे. १३७३ सालीं ती रोममध्यें वारली, आणि तिच्या अस्थि येथें आणल्या गेल्या. ज्यानें आदल्या सायंकाळीं तिचें चरित्र ऐकलें असेल, त्याला त्या भिंती मुक्या वाटत नाहींत.

तथापि सर्वांत बोलकें स्थळ मोताला येथें, कालव्याच्या अगदीं काठावर आहे. ती बाल्टझार फॉन प्लाटेन याची समाधि. डेन्मार्कला जकात न देतां स्वीडनचीं जहाजें पूर्वेकडून पश्चिमेस जावीं, यासाठीं त्यानें टॉमस टेलफर्ड या स्कॉटिश स्थापत्यशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें १८१० सालीं काम आरंभिलें. सुमारें ५८ हजार शिपायांनीं तलवारीऐवजीं फावडें हातीं घेऊन ८७ किलोमीटर भूमि खोदली. १८३२ सालीं कालवा पुरा झाला. प्लाटेन मात्र १८२९ मध्येंच निवर्तला होता. पुढें १८५७ सालीं ती जकातच रद्द झाली, व १८६२ सालीं दोन्ही शहरें लोहमार्गानें जोडलीं गेलीं. ज्या कामासाठीं एवढा घाम गाळला, तें काम एका पिढींत संपलें. प्लाटेनला हें पाहावें लागलें नाहीं, हें त्याचें भाग्यच म्हणावें काय? समाधीपाशीं उभे राहिलेले प्रवासी बराच वेळ बोलत नाहींत.

तेथून नौका व्हेटर्न सरोवर ओलांडून फोर्सविकला येते. १८१३ सालचा तेथील हौद या कालव्यावरील सर्वांत जुना. तेथें एका भाविक कुटुंबांतील माणसें पिढ्यानपिढ्या काठावर येऊन प्रवाशांस रानफुलें देत व भजनें म्हणत. भजन चालू असतां पाणी भरत जाई, आणि नौका हळूहळू गाणाऱ्यांच्या पातळीस येई.