शिष्यवृत्ती मिळाली, तिकिटाचे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, आणि विषय परदेशातल्या शिक्षणाचा! पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी जाऊन आली, तेव्हा बोलायचे तुम्हीच." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

२०२४ च्या ऑक्टोबरात माझी धाकटी सहा महिन्यांसाठी जर्मनीला गेली. ती पुण्याला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात होती. तिच्या कॉलेजचा तिकडच्या एका विद्यापीठाशी करार होता. फी माफ, तिकडचे गुण इकडे धरणार, आणि राहण्याजेवणासाठी एरास्मुस नावाची शिष्यवृत्ती. युरोपातल्या देशांनी ही योजना १९८७ साली आपल्या मुलांसाठी सुरू केली. २०१५ पासून आपल्यासारख्या दूरच्या देशांतल्या मुलांनाही ती अशा थोड्या मुदतीसाठी मिळू लागली. मात्र दोन्हीकडच्या संस्थांचा आपसांत करार हवा.

मुलीने पत्र वाचून दाखवले तेव्हा सासूबाईंनी दोनच प्रश्न विचारले, "चेडवाक इतक्या लांब कित्याक धाडतंस? आणि खर्च कोण दितलो?" पहिल्याचे उत्तर मुलीने दिले. दुसऱ्याचे मला शोधावे लागले.

आमचे चितारआळीत लाकडी खेळण्यांचे लहानसे दुकान. मे महिन्यात आणि दिवाळीत चार पैसे दिसतात. पावसाळ्यात लाकडी आंबे-केळी पुसत गिऱ्हाइकाची वाट पाहायची. मला वाटले, शिष्यवृत्ती मिळाली, आता आपण सुटलो. तसे नसते हो! पहिला हप्ता मुलगी तिथे पोचल्यावर मिळणार. पण पोचायचे कशाने? विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा, खोलीची अनामत, थंडीचे कपडे, सगळे आधी. शिवाय जर्मनीत शिकायला जाणाऱ्याने तिथल्या खर्चाची सोय अगोदर दाखवावी लागते. त्याच सप्टेंबरपासून ती रक्कम दरमहा ९९२ युरो झाली होती. सहा महिन्यांचा हिशेब यजमानांनी दुकानाच्या वहीवर केला, तो पाच लाखांच्या वर गेला. त्यांनी वही मिटली आणि न जेवता झोपले. शिष्यवृत्तीचे पत्र त्या रकमेपोटी चालले म्हणून निभावले. कमी पडला तेवढा फरक ठेवीत भरला. तरी घरून दोन लाख लागलेच. एका बँकेत कर्ज मागितले, तर सहा महिन्यांच्या शिक्षणाला आमच्याकडे कर्ज नाही, असे सांगितले.

मग माझ्या पाटल्या गहाण पडल्या. रात्री हात मोकळा लागे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या तेव्हा त्यांचेही दागिने विकले गेले होते, हे मी पूर्वी वाचले होते. पण त्याचा अर्थ त्या रात्री कळला. आणि तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या!

दुसरी आठवण झाली रमाबाई आंबेडकरांची. त्या आपल्याच कोकणातल्या, दापोलीजवळच्या वणंदच्या. बाबासाहेबांना सयाजीराव महाराजांनी १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तीही बडोद्याची दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. हे पुस्तकात असते. पण साडेअकरा पौंड न्यूयॉर्कला. इकडे मुंबईच्या चाळीत चूल कशी पेटत होती? मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले, आणि १९२० साली साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि मित्राची उसनवारी घेऊन ते पुन्हा गेले. शिष्यवृत्ती एकाच्या नावाने येते, ओढाताण साऱ्या घराची होते.

आज शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती अनुसूचित जातींच्या मुलामुलींना फी, निर्वाह आणि विमानभाडेही देते. मोठीच सोय आहे. परंतु ती पदवीनंतरच्या शिक्षणासाठी. जमशेटजी टाटांनी १८९२ साली काढलेला निधी परतफेडीच्या कर्जाचा. त्याचा लाभ अगदी आरंभी घेणाऱ्यांत डॉ. फ्रेनी कामा ही एक बाई होती, याचे मला फार अप्रूप वाटते. तोही पदवी घेतलेल्यांसाठीच. पदवी व्हायच्या आत सहा महिने जाणारी वीस वर्षांची मुलगी यांतल्या कशातच बसत नाही. तिच्या आईने कॉलेजात जाऊन करार आहे का, हे विचारावे. मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून सांगते.

आता आपल्या भिशीविषयी. पंधरा जणी, दरमहा दोन हजार. त्या ऑगस्टात नंबर माझा नव्हता. ज्यांचा होता त्या आज पुढेच बसल्या आहेत, नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. त्यांनी घराचे पत्रे बदलायचे थांबवून ते तीस हजार मला दिले. त्याच पैशांनी मुलीचे तिकीट निघाले. त्यांच्या स्वयंपाकघरात तो श्रावणभर पाणी गळत होते, हे मला गणपतीत त्यांच्याकडे गेले तेव्हा दिसले. त्या काही बोलल्या नाहीत.

पुन्हा कोणाच्या घरात पाणी गळू नये म्हणून माझी सूचना आहे. मंडळाने एक लहान निधी वेगळा काढावा. बिनव्याजी, परतफेडीचा, केवळ अशा तिकिटासाठी. मुलगी पुण्याला असो वा परदेशात, आपल्या पेठेतली असली म्हणजे झाले. परतफेड बुडेल अशी शंका काहीजणींना येईल. येणारच. म्हणून दोघी जामीन घ्याव्या, असे मला वाटते. आपण चर्चा करावी.

माझ्या पाटल्या अजून सुटायच्या आहेत. पण धाकटीला या महिन्यात पहिला पगार झाला, त्यातले पाच हजार तिने याकरिता पाठवले आहेत. ते पाकीट मी आता खजिनदारबाईंकडे देते. पावती तिच्या नावाने करावी.