जुन्या टेबलाला हात लावण्याआधी
(अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कॉलेजात डेटाबेस शिकताना आपल्याला कोरी पाटी मिळते. टेबल आपणच बनवतो, नावंही आपणच ठेवतो. नोकरीत मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याने पंधरा-वीस वर्षांपूर्वी बनवलेला डेटाबेस समोर येतो आणि साहेब सांगतात, याच्यावर नवी वेबसाइट करा. आज त्याबद्दल बोलतो. माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो, म्हणजे तुमच्या हातून ती होणार नाही.

काम एका शिक्षणसंस्थेचं होतं. फीच्या खिडकीवर जुना पीएचपी प्रोग्रॅम चालायचा, खाली मायएसक्यूएल. खिडकी एक दिवसही बंद ठेवायची नव्हती. म्हणजे जुना प्रोग्रॅम आणि नवी साइट, दोघांनी त्याच टेबलांवर काम करायचं.

मी जँगो घेतलं. त्यात प्रत्येक टेबलासाठी पायथनचा एक क्लास असतो, त्याला मॉडेल म्हणतात. टेबलातली एक ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट. जुन्या डेटाबेससाठी जँगोत ‘इन्स्पेक्टडीबी’ नावाची कमांड आहे. ती टेबलं वाचून मॉडेल लिहून देते. पण तो कच्चा खर्डा असतो, हे विसरू नका.

तो खर्डा दुरुस्त करताना ‘डीबी_टेबल’ आणि ‘डीबी_कॉलम’ फार उपयोगी पडतात. टेबलात रकान्याचं नाव ‘एनएम३’ असेल तर असू द्या. तुमच्या कोडमध्ये त्याला ‘आडनाव’ म्हणा. खाली काहीच बदलत नाही आणि जुना प्रोग्रॅम चालत राहतो.

आता अडचणी. मायएसक्यूएल ५.५ येण्याआधी नवं टेबल आपोआप मायआयसॅम इंजिनात बनायचं, आणि ते इंजिन फॉरेन की पाळत नाही. त्यामुळे कुठलं टेबल कुठल्या टेबलाला जोडलेलं आहे हे इन्स्पेक्टडीबीला कळत नाही. तिला तिथे साधा आकडा दिसतो. नातं तुम्हालाच शोधून लिहावं लागतं.

दुसरी अडचण प्रायमरी कीची. जुन्या टेबलात दोन रकाने मिळून की असते, उदाहरणार्थ विद्यार्थी क्रमांक आणि वर्ष. २०२५ च्या ५.२ आवृत्तीपर्यंत जँगोला अशी जोड-की समजत नव्हती. जुन्या आवृत्तीत तुम्ही नुसता विद्यार्थी क्रमांक की म्हणून दिलात आणि एक ओळ सेव्ह केलीत, तर त्या विद्यार्थ्याच्या सगळ्या वर्षांच्या ओळी बदलू शकतात. एरर येईलच असंही नाही.

आता माझी चूक. इन्स्पेक्टडीबी प्रत्येक मॉडेलमध्ये ‘मॅनेज्ड = फॉल्स’ लिहिते. अर्थ असा की हे टेबल जँगोने बनवायचं नाही, बदलायचं नाही, पाडायचं नाही. पण त्यामुळे टेस्ट चालवताना ही टेबलं बनत नाहीत आणि टेस्ट फेल होतात. मला घाई होती. मी ती ओळ सगळीकडून काढून टाकली. टेस्ट पास झाल्या, मी खूश.

महिनाभराने साफसफाई करताना ‘टीएमपी२’ नावाचं टेबल दिसलं. नावावरून तात्पुरतं वाटलं. मॉडेल काढलं, मायग्रेशन बनवलं, चालवलं. जँगोने सांगितलेलं काम केलं: टेबल पाडलं.

त्या टेबलात हप्त्याने फी भरायची परवानगी मिळालेल्या मुलांची नावं होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये एरर दाबून टाकलेली होती, त्यामुळे तो बंद पडला नाही. त्याला परवानगी सापडली नाही, म्हणून त्याने त्या सगळ्यांना थकबाकीदार धरलं. दुसऱ्या दिवशी हॉल तिकिटं वाटायची होती. एक मुलगी वडिलांना घेऊन खिडकीशी उभी होती. वडिलांच्या हातात हप्त्यांच्या पावत्या होत्या, आणि स्क्रीनवर तिच्या नावापुढे लाल शेरा.

रात्रीच्या बॅकअपमधून टेबल परत आणलं. त्यानंतरच्या नोंदी ऑफिसातल्या जुन्या लिपिकांच्या वहीतून भरल्या. त्यांना सगळे चाचा म्हणत. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बेटा, मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.”

मग मी विचारायला लागलो. आडनावाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी नुसता टिंब होता. मी तो कचरा समजून पुसणार होतो. चाचा म्हणाले, “टिंब म्हणजे विचारलं, आडनाव नाही. रिकामं म्हणजे अजून विचारायचं आहे.” आपल्याकडे कित्येक घरांत आडनावच नसतं, स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, संपलं. टेबल बनवणाऱ्याने तो रकाना सक्तीचा केला होता. चाचांनी त्यातून वाट काढली होती. मी टिंब पुसले असते तर त्या मुलांचे अर्ज पुन्हा ‘अपूर्ण’ ठरले असते.

तुमच्यापैकी कुणी एखाद्या संस्थेचं असं काम हाती घेतलं, तर तीन गोष्टी करा.

पहिली, वेबसाइटला जुन्या डेटाबेसवर वेगळा युजर द्या. त्याला वाचण्याची, भरण्याची, बदलण्याची परवानगी असू द्या; टेबल पाडण्याची किंवा त्याची रचना बदलण्याची नको. लॉगिन, सेशन वगैरे जँगोची स्वतःची टेबलं दुसऱ्या डेटाबेसमध्ये ठेवा आणि राउटरने वाटणी करा. मग तुमची चूक झाली तरी डेटाबेसच नाही म्हणेल.

दुसरी, ‘मॅनेज्ड = फॉल्स’ राहू द्या. टेस्टसाठी जुन्या डेटाबेसची नुसती रचना, आतल्या माहितीशिवाय, उतरवून घ्या आणि त्यावर टेस्ट चालवा.

तिसरी, जो माणूस रोज त्या टेबलांत नोंदी करतो त्याच्याशेजारी बसा. मी चाचांजवळ दोन दुपारी बसलो. प्रत्येक रकान्याचा अर्थ मॉडेलमधल्या ‘हेल्प_टेक्स्ट’मध्ये लिहिला. चाचा आता निवृत्त झालेत. खिडकीवरची नवी मुलगी आमच्या अॅडमिन पानावर नोंद उघडते, तेव्हा आडनावाच्या चौकटीखाली तिला दिसतं: ‘टिंब म्हणजे आडनाव नाही. पुसू नये.’